सतरा नंबरचा फॉर्म इथे नाही: घरी शिकणाऱ्या मुलांची अकरावी-बारावी आणि ऑस्ट्रेलियातलं विद्यापीठ

मागच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असताना एका मैत्रिणीने मला गाठलं. “अगं, तू विद्यापीठात आहेस ना? आमच्या लेकाला आम्ही तीन वर्षं घरीच शिकवतोय. आता चौदाचा झाला. भौतिकशास्त्र म्हणजे जीव की प्राण. पण पुढे एचएससीचं काय? सतरा नंबरचा फॉर्म इथे कुठे भरायचा?”

मी रसायनशास्त्रात संशोधन करते, शाळा-सल्लागार नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवते आणि दरवर्षी एक गोष्ट बघते. हुशार मुलं अडखळतात ती बुद्धी कमी पडते म्हणून नाही, तर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी चुकीचा विषय निवडला किंवा निवडायचा राहिला म्हणून. मैत्रिणीला रांगेत दोन मिनिटांत काय सांगणार? म्हणून हा लेख. मी सिडनीत राहते, त्यामुळे बहुतेक उदाहरणं न्यू साउथ वेल्सची आहेत. तुमचं राज्य वेगळं असेल तर नावं बदलतील, विचार करायची पद्धत तीच राहील.

नाव तेच, परीक्षा वेगळी

महाराष्ट्रात शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. न्यू साउथ वेल्समध्येही बारावीच्या दाखल्याचं नाव एचएससीच आहे, त्यामुळे घोटाळा होतो.

इथली एचएससी म्हणजे फक्त शेवटची परीक्षा नाही. प्रत्येक विषयाचे निम्मे गुण परीक्षेचे आणि निम्मे शाळेने वर्षभर घेतलेल्या मूल्यमापनाचे. ‘शाळा आपल्या मुलांना भरभरून गुण देईल त्याचं काय?’ हा आपला पहिला प्रश्न. त्यावर उपाय असा: शाळेने दिलेले गुण, त्या शाळेच्या मुलांनी बाहेरच्या परीक्षेत मिळून काय केलं त्याच्याशी जुळवून घेतले जातात. मुलांचा आपसातला क्रम शाळेचा, पण गुणांची पातळी परीक्षा ठरवते. हिशोब म्हणून ही पद्धत चांगली आहे, पण तिला एक गट लागतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटा शिकणारा मुलगा कुठल्याच गटात नाही.

म्हणून या राज्यात ‘नेसा’ या संस्थेकडे होमस्कूलिंगची नोंदणी केलेल्या मुलाला त्या नोंदणीच्या जोरावर एचएससी मिळत नाही. नोंदणी कायदेशीर आहे, घरचा अभ्यास मान्य आहे, पण दाखला त्यात येत नाही. व्हिक्टोरियातही तसंच. तिथे नोंदणी व्हीआरक्यूए करते, आणि बारावीच्या व्हीसीईसाठी कुठल्यातरी मान्यताप्राप्त संस्थेत त्या विषयांना नाव घालावं लागतं.

हे ऐकून पालकांचा चेहरा पडतो. थांबा. बंद आहे तो एक दरवाजा. विद्यापीठाला दरवाजे बरेच आहेत.

एटार म्हणजे टक्के नव्हेत

दरवाजे बघण्याआधी कुलूप समजून घेऊ. बारावीनंतर प्रवेशासाठी एटार नावाचा आकडा वापरतात. तो ०.०० ते ९९.९५ असतो आणि ०.०५ च्या पायऱ्यांनी चढतो. दिसतो टक्क्यांसारखा, आणि इथेच आपली मंडळी फसतात. एटार ८० म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. तो क्रमांक आहे: त्या वयाच्या सगळ्या मुलांची एक रांग लावली, तर तुमचं मूल वरून साधारण २० टक्क्यांच्या रेषेवर उभं आहे.

‘त्या वयाच्या सगळ्या मुलांची’ हे शब्द महत्त्वाचे. त्या रांगेत मध्येच शाळा सोडलेलीही धरलेली असतात. एटार मिळवणारी मुलं बहुतेक रांगेच्या वरच्या भागातली, म्हणून त्यांचा मधला आकडा ५० न येता ७० च्या आसपास येतो. ‘सत्तरच आले’ म्हणून नातेवाइकांनी नाक मुरडलं, तर त्यांना हे सांगा.

दुसरी गोष्ट स्केलिंगची. वेगवेगळे विषय घेतलेल्या मुलांना एका रांगेत लावायचं, तर विषयांचे गुण एका मापावर आणावे लागतात. एखादा विषय घेणारी मुलं त्यांच्या बाकीच्या विषयांत किती चांगली आहेत, हे बघून त्या विषयाचं माप ठरतं. म्हणजे इथेही पुन्हा गट आलाच.

आता खरा मुद्दा. विद्यापीठाला एटारचंच प्रेम नाही. त्याला हवा असतो निवडीचा एक आकडा, ज्याला सिलेक्शन रँक म्हणतात. तो एटारवरून काढता येतो, तसाच दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमातल्या कामगिरीवरूनही काढता येतो. घरी शिकलेल्या मुलाचं नियोजन म्हणजे हा आकडा कुठून आणायचा, ते वेळेत ठरवणं.

चार दरवाजे

*पहिला: अकरावी-बारावीपुरतं शाळेत किंवा दूरशिक्षणात जाणं.* घरी बसून, पण शाळेचा विद्यार्थी म्हणून शिकणं या देशाला नवीन नाही. ॲलिस स्प्रिंग्जची ‘स्कूल ऑफ द एअर’ १९५१ मध्ये सुरू झाली. शेकडो किलोमीटर दूरच्या गुरांच्या फार्मवरची मुलं फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या रेडिओवरून धडे ऐकत आणि बाजूला बसून आई अभ्यास घेई. आजची दूरशिक्षण शाळा हा त्याच परंपरेचा इंटरनेटवरचा अवतार. त्यातून एचएससी आणि एटार दोन्ही मिळतं. पण सरकारी दूरशिक्षणाला पात्रतेच्या अटी असतात, खासगीला फी असते, आणि तिथे नाव घातलं की मूल होमस्कूलर राहत नाही, त्या शाळेचं होतं. व्हिक्टोरियात सरकारी शाळेत एखाद-दोन विषयांपुरतं अंशतः नाव घालायची सोयही आहे, पण होकार मुख्याध्यापकांचा लागतो.

*दुसरा: टेफ.* आपल्याकडे आयटीआय म्हटलं की पालक उगाच कानकोंडे होतात, तोच ग्रह टेफबद्दल करून घेऊ नका. टेफमधली सर्टिफिकेट फोर किंवा डिप्लोमा ही पात्रता बरीच विद्यापीठं प्रवेशासाठी धरतात, आणि डिप्लोमा संबंधित विषयाचा असेल तर पदवीतले काही विषय माफही होऊ शकतात.

*तिसरा: विद्यापीठाचे सुटे विषय.* ओपन युनिव्हर्सिटीज ऑस्ट्रेलिया या संस्थेमार्फत वेगवेगळ्या विद्यापीठांचे पदवीचे विषय एकेक करून ऑनलाइन घेता येतात. त्यातल्या अनेक विषयांना बारावीची अट नसते. काही विषय चांगल्या ग्रेडने पूर्ण केले, की त्या निकालावर पदवीला अर्ज करता येतो. होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांत हा रस्ता बराच वापरातला आहे. मात्र हे खरे विद्यापीठाचे विषय आहेत, सराव परीक्षा नव्हेत. फी लागते, आणि नापास झालं तर तो शेरा कायम नोंदीत राहतो. विषय सोडायचा असेल तर ‘सेन्सस डेट’च्या आत सोडा, नाहीतर पैसेही जातात. सोळा वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच विषय द्या. तो जमला की मग दुसरा.

*चौथा: तयारीचे अभ्यासक्रम आणि प्रवेश चाचण्या.* न्यूकॅसल विद्यापीठाचा ‘ओपन फाउंडेशन’ १९७४ पासून चालू आहे. अशा अनेक अभ्यासक्रमांना फी नसते, आणि शेवटी विद्यापीठात बसण्याइतकं गणित, विज्ञान, लेखन पक्कं होतं. ‘स्टॅट’ नावाची सामान्य योग्यतेची चाचणीही काही विद्यापीठं मान्य करतात. दोन्हीकडे बऱ्याचदा किमान वयाची अट असते, त्यामुळे सोळाव्या वर्षी हा दरवाजा बंद दिसला तरी दोन वर्षांनी तो उघडा असू शकतो.

कळीचा विषय एकच: गणित

दरवाजा कुठलाही असो, आत गेल्यावर कोण टिकतं हे गणित ठरवतं.

माझ्या पहिल्या वर्षाच्या बॅचमधला एक प्रसंग सांगते. आम्लाचा पीएच ५ वरून ३ वर आला, म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण किती वाढलं? एक मुलगी ठामपणे म्हणाली, “दोनने.” उत्तर आहे शंभर पट, कारण पीएच ही लॉगॅरिथमची पट्टी आहे आणि प्रत्येक पायरी दहा पट. मुलगी मेहनती होती, तिने लॉगॅरिथम कधी नीट शिकलेच नव्हते. पुढच्या तीन आठवड्यांत तिला रसायनशास्त्र आणि राहिलेलं गणित एकदम शिकावं लागलं. सत्राच्या मध्यावर तिने विषय सोडला.

इथे गणिताच्या पातळ्या आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड, एक्स्टेन्शन १ आणि एक्स्टेन्शन २. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडमध्ये जनरल, मेथड्स आणि स्पेशालिस्ट. स्टँडर्ड किंवा जनरलमध्ये कॅल्क्युलस नाही. विज्ञान, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र यांतलं काहीही मनात असेल, तर ॲडव्हान्स्ड किंवा मेथड्स ही किमान पातळी समजा. भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीसाठी त्याच्या वरची घेतली तर मुलाचं पहिलं वर्ष सुखात जातं.

विद्यापीठाच्या पानावर दोन शब्द वेगळे वाचा. ‘प्रीरिक्विझिट’ म्हणजे हे नसेल तर प्रवेश नाही. ‘अस्यूम्ड नॉलेज’ म्हणजे प्रवेश मिळेल, पण तुम्हाला हे येतं असं धरून पहिलं लेक्चर सुरू होईल. घरी शिकणाऱ्या मुलांना दुसरा जास्त धोकादायक, कारण तिथे दारात कुणी अडवत नाही.

तास मोजा, वही ठेवा

‘आम्ही सगळं वाचलंय’ हे खरं असलं, तरी तेवढ्याने दुसऱ्याची खात्री पटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे: वहीत नाही ते झालंच नाही. होमस्कूलिंगलाही तोच नियम लावा.

माप म्हणून शाळेचाच आराखडा घ्या. इथे दोन युनिटच्या विषयाला वर्षाला १२० तास धरतात. तीस आठवड्यांत बसवायचे, तर आठवड्याला चार तास. पाच विषय म्हणजे आठवड्याला वीस तासांचं शिकणं, आणि त्यावर स्वाध्याय वेगळा. घरी एकास एक शिकवणी असते, त्यामुळे वेळ कमी लागेल, पण गणिताला कमी करू नका.

प्रयोगांचंही माप आहे. २०१८ पासून लागू झालेल्या इथल्या अभ्यासक्रमात भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयाला वर्षाला किमान ३५ तास प्रत्यक्ष प्रयोगांचे ठेवले आहेत. शिवाय किमान १५ तास ‘डेप्थ स्टडी’, म्हणजे एकाच प्रश्नाचा खोलात जाऊन अभ्यास.

घरी हे कसं करायचं? दोरी, एक जड नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. लंबकाची लांबी २० सेंटिमीटरपासून १२० पर्यंत बदला. प्रत्येक लांबीला वीस झोक्यांचा वेळ मोजा, तोही तीनदा. एका झोक्याच्या वेळेचा वर्ग उभ्या अक्षावर आणि मीटरमधली लांबी आडव्या अक्षावर मांडा. सरळ रेष येईल आणि तिचा चढ ४.०३ च्या जवळपास असेल. त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढा. आता खरा अभ्यास सुरू होतो. तुमचं उत्तर ९.८ न येता ९.५ आलं तर का? लांबी दोरीच्या टोकापर्यंत मोजली की नटाच्या मध्यापर्यंत? झोका फार मोठा दिला का? एकच झोका मोजण्याऐवजी वीस का मोजले? हे चार पानांत लिहायला लावा. असा अहवाल हातात असला, की मुलाने शाळा कुठे केली यापेक्षा ते विचार कसा करतं हे बोलण्यात येतं.

रसायनाचं मात्र सगळं घरी होत नाही आणि तीव्र आम्लं घरात आणूही नका. त्यासाठी टेफचा वर्ग, दूरशिक्षणाची प्रात्यक्षिक शिबिरं किंवा विद्यापीठाचं तयारी सत्र शोधा.

वहीत काय हवं? विषय, वापरलेलं पुस्तक, तारखा, तास, सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि घड्याळ लावून मिळालेले गुण. एचएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका नेसाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दाखला मिळो न मिळो, मोजपट्टी तर वापरता येते.

उलटं वेळापत्रक

आपण नववीपासून पुढे मोजतो. इथे शेवटापासून मागे मोजा.

बारावीच्या वर्षी: विद्यापीठांचे अर्ज साधारण एप्रिलपासून घेतले जातात. तोवर निवडीचा आकडा कुठून येणार ते पक्कं असायला हवं.

अकरावीच्या वर्षी: टेफ किंवा पहिला सुटा विषय. इंग्रजीतलं शास्त्रीय लेखन दर आठवड्याला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची इंग्रजी बोली फर्डी असते, पण मुद्दा मांडून दीड पान लिहायची सवय वेगळी लावावी लागते.

दहावीच्या मध्यावर: निर्णय. एचएससी हवी असेल तर ही खरी मुदत आहे, कारण अकरावीचा भाग समाधानकारक पूर्ण केल्याशिवाय बारावीच्या भागाला बसता येत नाही. बारावीच्या जूनमध्ये जाग आली तर या दरवाजासाठी उशीर झालेला असतो. याच वेळी मनातल्या दोन-तीन विद्यापीठांच्या प्रवेश विभागांना ईमेल करा: ‘आमचं मूल घरी शिकलं आहे, या पदवीसाठी तुम्ही काय धराल?’ उत्तर लेखी घ्या आणि वहीत चिकटवा. ओळखीच्या काकांनी सांगितलेलं धरू नका, मी सांगितलेलंही नाही.

नववीत: गणिताची प्रामाणिक चाचणी आणि वहीची सुरुवात.

आपल्या लोकांचे तीन खास प्रश्न

*पैसे आणि व्हिसा.* नागरिक असलेल्या मुलाला सरकारी अनुदानाची जागा आणि हेक्सचं कर्ज दोन्ही मिळतं. पीआर असेल तर अनुदानाची जागा मिळते, पण कर्ज साधारणपणे नाही, फी आधी भरावी लागते. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आंतरराष्ट्रीय फी. नागरिकत्वाचा अर्ज ‘करू सावकाश’ म्हणून ठेवला असेल, तर मुलाच्या सोळाव्या वर्षाआधी त्याकडे बघा.

*मेडिकल.* बारावीनंतर थेट मेडिकलला बहुधा एटार, युकॅट चाचणी आणि मुलाखत असं तिन्ही लागतं. घरच्या वाटेने ते अवघडच. पण पदवीनंतरच्या मेडिकलला पदवीचे गुण आणि बऱ्याच ठिकाणी गॅमसॅट चाचणी बघतात, बारावी मागे पडते. घाई नसेल तर हा सरळ रस्ता आहे.

*भारतात परत जायचं ठरलं तर?* इथे सावध राहा. मुंबईच्या मालविका राज जोशीची गोष्ट आठवत असेल. शाळा सोडून घरी शिकली, माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये थेट एमआयटीत गेली. आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण तिथे बारावीचा दाखला लागतो. दोष तिच्या हुशारीत नव्हता, कागदात होता. भारतात परतण्याची दाट शक्यता असेल, तर मान्यताप्राप्त बारावी देणारा पहिला दरवाजाच धरा.

शेवटी, त्या मुलाबद्दल

प्रसादाच्या रांगेनंतर तो मुलगा मला भेटला. मी विचारलं, “भौतिकशास्त्र आवडतं ना? मग गणितात कुठे आहेस?” तो आईकडे बघून हळूच म्हणाला, “मावशी, गणित जरा मागे आहे. कंटाळा येतो म्हणून आई जोर करत नाही.”

घरी शिकवण्याचं मोठं सुख हेच, की मुलाच्या कलाने जाता येतं. पण चौदाव्या वर्षी मुलाच्या कलाने सोडलेलं गणित, अठराव्या वर्षी त्याच्या आवडीचं भौतिकशास्त्र हिरावून घेऊ शकतं, आणि तेव्हा कुणी त्याला विचारणार नाही की तुला कंटाळा का आला होता.

आम्ही त्याच संध्याकाळी ठरवलं: रोज पाऊण तास गणित, रविवारी लंबक. मागच्या आठवड्यात त्याचा फोटो आला, कपड्यांच्या दांडीला बांधलेली दोरी आणि खाली वही. उत्तर आलंय ९.४. खाली त्याने लिहिलंय, “मावशी, दोरी ताणली जाते का?”

पहिला प्रश्न बरोबर पडलाय. तुमच्याही घरात चौदा-पंधराचं मूल घरी शिकत असेल, तर आज एक वही काढा आणि पहिल्या पानावर तीनच गोष्टी लिहा: कुठली पदवी, गणिताची कुठली पातळी, आणि चारपैकी कुठला दरवाजा. उत्तरं पेन्सिलने लिहिलीत तरी चालेल.